मूळ कोठले? – गॉथांच्या निमित्ताने

मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याची गॉथ लोकांशी पहिली, आणि बहुधा शेवटची, गाठ पडते ती भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत. ग्रिमचा नियम समजावून सांगताना फळ्यावर चार रकाने आखले जातात : संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि गॉथिक. ‘पाद’च्या समोर ‘फोटुस’, ‘भ्राता’च्या समोर ‘ब्रोथर’, ‘दश’च्या समोर ‘तेहुन’ असे शब्द लिहिले जातात. ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘त’ कसा झाला ते दाखवले जाते. आणि फळा पुसला जातो. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील ज्या व्याख्यानात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे प्रतिपादन केले, त्यातच गॉथिकचाही त्यांनी उल्लेख केला होता, हे आपण जाता जाता सांगतो. पण त्या चौथ्या रकान्यातली भाषा बोलणारे लोक कोण होते, कोठून आले, कोठे गेले आणि त्यांच्याविषयी आपल्याला जे सांगितले जाते ते कोणी व कशासाठी लिहून ठेवले, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत. ते इतिहासाच्या विभागाचे प्रश्न आहेत, असे आपण गृहीत धरतो.

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. गॉथांचा इतिहास हा आधी साहित्याच्या अभ्यासकाचा विषय आहे, कारण त्यांच्या स्थलांतराची जी सुप्रसिद्ध हकिगत सांगितली जाते, तिची अडचण पुराव्याची आहे त्याहून अधिक वाचनाची आहे. ती नीट वाचली न गेल्यामुळे पुढे केवढे अनर्थ घडले, हेही या विषयात पाहायला मिळते. ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ या प्रश्नावर आज जगभर राजकारणे उभी राहत असताना एका उगमकथेची घडण तपासून पाहणे हा निव्वळ विद्वत्तेचा विरंगुळा नव्हे, असे आम्हाला वाटते.

प्रथम ती हकिगत. इ.स. ५५१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे योर्डानेस नावाच्या लेखकाने गॉथांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. ‘गेटिका’ या नावाने तो ओळखला जातो. त्यानुसार गॉथ लोक उत्तरेकडील स्कांद्झा बेटावरून, म्हणजे आजच्या स्कँडिनेव्हियातून निघाले. बेरिग हा त्यांचा राजा आणि अवघी तीन जहाजे. ते समुद्र ओलांडून दक्षिण किनाऱ्याला लागले, तेथील लोकांना त्यांनी हटवले, आणि काही पिढ्यांनंतर फिलिमेर या राजाच्या नेतृत्वाखाली ते आग्नेयेला, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सुपीक प्रदेशात गेले. वाटेत दलदलीतला एक पूल कोसळला. अर्धे लोक पलीकडे पोचले, अर्धे मागेच राहिले. कथा सुबक आहे. बेट, जहाजे, पूल, राजे : स्थलांतराच्या आख्यानाला जे जे लागते ते सर्व तीत आहे. युरोपातील पाठ्यपुस्तकांच्या नकाशांवर उत्तरेतून दक्षिणेकडे धावणारे जे जाड बाण आपण पाहतो, त्यांपैकी गॉथांच्या बाणाचा उगम मुख्यतः या काही परिच्छेदांत आहे.

आता हा ग्रंथ कसा तयार झाला ते पाहू. तो योर्डानेसचा स्वतंत्र ग्रंथ नाही. दुसऱ्या एका ग्रंथाचा तो संक्षेप आहे. थिओडोरिक या ऑस्ट्रोगॉथ राजाच्या इटलीतील दरबारात कासिओडोरस नावाचा एक रोमन विद्वान अधिकारी होता. त्याने बारा खंडांत गॉथांचा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. योर्डानेस सांगतो, की हे खंड आपल्याला केवळ तीन दिवस वाचायला मिळाले, शब्द आठवत नाहीत पण आशय लक्षात आहे, आणि काही ग्रीक व लॅटिन ग्रंथांतील मजकुराची भर आपण घातली आहे. म्हणजे आपल्या हाती आहे ते एका हरवलेल्या ग्रंथाचे, स्मरणावर बेतलेले, भर घातलेले सार. ज्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात पोथ्यांचे पाठभेद, प्रक्षेप आणि स्मृतीतून पुन्हा सिद्ध केलेल्या संहिता यांची चर्चा सतत चालते, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला यातली जोखीम निराळी समजावून सांगावी लागू नये.

शिवाय या ग्रंथात एक मोठी गफलत आहे. डॅन्यूबच्या खालच्या खोऱ्यात प्राचीन काळी गेटी नावाचे लोक राहत. त्यांचा आणि गॉथांचा काही संबंध नव्हता. पण नावे सारखी वाटतात आणि प्रदेशही जवळपास एकच. योर्डानेसने दोघांना एकच मानले. त्यामुळे ग्रीक इतिहासकारांनी गेटींविषयी आणि सिथियनांविषयी जे लिहून ठेवले होते ते सगळे गॉथांच्या खात्यावर जमा झाले. अमेझॉन स्त्रियाही त्यांच्याच, पर्शियाच्या राजांशी झालेल्या लढायाही त्यांच्याच! अशा रीतीने गॉथांच्या परंपरेला दोन हजार वर्षांची पुरातनता लाभली.

ही पुरातनता हवी कोणाला होती? थिओडोरिक पूर्वेच्या सम्राटाच्या संमतीने ४८९ मध्ये इटलीत उतरला आणि ४९३ मध्ये ओडोआकरला मारून सत्ताधीश झाला. ज्या भूमीवर तो राज्य करू लागला तेथील उमरावांना आपली वंशावळ ट्रॉयपर्यंत नेऊन भिडवण्याची सवय होती. नव्या राजघराण्यालाही तितक्याच तोलाची वंशावळ आवश्यक होती. कासिओडोरसने आमाल घराण्याच्या सतरा पिढ्या मोजून दाखवल्या, आणि त्याच्या या कामगिरीचे वर्णन गॉथांच्या उगमाला रोमन इतिहासाचे रूप दिले अशा आशयाच्या शब्दांत झाले. ते शब्द थिओडोरिकच्या नातवाच्या नावाने निघालेल्या राजपत्रातले. आणि त्या राजपत्राचा मसुदाही कासिओडोरसच्याच हातचा! दरबारी इतिहासलेखनाचा इतका प्रांजळ कबुलीजबाब क्वचितच मिळेल.

योर्डानेस लिहीत होता तेव्हा परिस्थिती पालटली होती. ५३५ पासून सम्राट जस्टिनियनचे सैन्य इटलीत गॉथांशी लढत होते आणि त्या राज्याचा शेवट जवळ आला होता. त्यामुळे ‘गेटिका’चा शेवट आमाल घराण्यातील मातासुंथा आणि सम्राटाचा नातलग गेर्मानुस यांच्या विवाहाने, आणि पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलाच्या उल्लेखाने होतो. दोन वंश एक झाले, दोघांचेही भले होवो, अशी ती सांगता आहे. म्हणजे एकाच सामग्रीचा उपयोग आधी एका राज्याच्या प्रतिष्ठेसाठी झाला आणि नंतर त्याच राज्याच्या विसर्जनाला शोभा आणण्यासाठी. तीन जहाजांची गोष्ट या दोन गरजांच्या चौकटीत आपल्यापर्यंत आली आहे, हे विसरून ती वाचता येणार नाही.

येथवर आमचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की मग हे सारे थोतांडच ठरले. गेल्या काही दशकांत या क्षेत्रातील अभ्यासकांत हा वाद मोठा गाजला. राइनहार्ड वेन्स्कुस यांनी १९६१ मध्ये असा विचार मांडला, की लहानशा गटाने जपलेल्या परंपरेच्या गाभ्याभोवती निरनिराळे लोक गोळा होऊन जमाती घडत असाव्यात. हेर्विग वोल्फ्राम यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात हीच दिशा गॉथांच्या बाबतीत विस्ताराने पुढे नेली. उलट वॉल्टर गॉफर्ट यांनी १९८८ मध्ये योर्डानेससकट अशा चार इतिहासकारांना मुख्यतः ‘निवेदक’ म्हणून वाचले. त्यांच्या ग्रंथांची रचना, हेतू आणि आख्यानाची वळणे तपासली. आर्ने सोबी क्रिस्टेनसेन यांनी २००२ मध्ये त्याही पुढे जाऊन स्थलांतराची कथा ही सहाव्या शतकातील लेखकांची निर्मिती असल्याचा निष्कर्ष काढला. साहित्याचे अभ्यासक म्हणून आमची सहानुभूती गॉफर्ट यांच्या वाचनपद्धतीकडे आहे, हे उघड आहे.

पण ‘सगळेच रचित असते’ हे वाक्य आपल्या समीक्षेत हल्ली ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्याला याच विषयात एक उत्तम उतारा आहे. पोलंडमध्ये विस्तुला नदीच्या खालच्या खोऱ्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून एक पुरातत्त्वीय संस्कृती दिसते. माल्बोर्कजवळच्या एका दफनभूमीवरून तिला विएलबार्क संस्कृती म्हणतात. दहन आणि दफन या दोन्ही रीती शेजारी शेजारी, आणि पुरुषांच्या थडग्यांत शस्त्रे नाहीत, हे तिचे ठळक वैशिष्ट्य. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत ती आग्नेयेकडे पसरते. आणि तिसऱ्या शतकापासून आजच्या युक्रेन, मोल्दोवा व रोमानिया या भागांत जी चेर्न्याखोव्ह संस्कृती आढळते, तिच्यात विएलबार्कच्या खुणा इतर अनेक धाग्यांबरोबर मिसळलेल्या दिसतात. इ.स. ९८ मध्ये टॅसिटसने ज्यांचा ‘गोतोनेस’ म्हणून उल्लेख केला ते लोकही साधारण याच बाजूचे. त्यात आता प्राचीन जनुकीय अभ्यासांची भर पडली आहे. २०२३ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत विएलबार्क थडग्यांतील माणसांचे स्कँडिनेव्हियाशी स्पष्ट नाते दिसून आले. म्हणजे समुद्रापलीकडून माणसे आली होती. ती तीन जहाजांतून आली नसतील, बेरिग नावाचा राजाही कदाचित नसेल; पण कथेच्या तळाशी काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांना आता आपला शब्द आवरता घ्यावा लागेल.

मात्र हाडे बोलतात ती रक्ताच्या नात्याविषयी. हा माणूस स्वतःला गॉथ म्हणवत होता की नाही, तो कोणती भाषा बोलत होता, कोणाला आपले मानत होता, हे हाडांवर कोरलेले नसते. तेथे पुन्हा संहितेकडेच यावे लागते. कथेवर भाबडा विश्वास ठेवणे ही जशी वाचनाची हार आहे, तशीच ती ‘रचित’ म्हणून निकालात काढणे हीदेखील हारच आहे. बखरींच्या बाबतीत आपल्याकडे हे दोन्ही प्रकार घडून गेले आहेत. कोणी त्यांना इतिहास म्हणून डोक्यावर घेतले, कोणी इतिहास नाही म्हणून दूर सारले. बखरकाराने जे सांगितले ते त्याला तसे का सांगावेसे वाटले, हा प्रश्न मागेच राहिला.

गॉथांच्या बाबतीत हा प्रश्न लावून पाहिला, तर लक्ष उगमाकडून वाटेकडे वळते. ३७६ मध्ये हूणांच्या दडपणाखाली गॉथांचे समूह डॅन्यूबच्या काठी येऊन रोमन साम्राज्यात आश्रय मागू लागले. त्या काळच्या नोंदींत आपल्याला व्हिसिगॉथ आणि ऑस्ट्रोगॉथ अशी नीटनेटकी विभागणी मिळत नाही. थेर्विंगी आणि ग्रेउथुंगी अशी निराळीच नावे मिळतात. आमिआनस मार्सेलिनस हा रोमन इतिहासकार, स्वतः निवृत्त सैनिक, पुढची हकिगत सांगतो. लुपिसिनुस आणि माक्सिमुस या अधिकाऱ्यांनी उपाशी निर्वासितांना अन्न म्हणून कुत्री विकली. एका कुत्र्याच्या मोबदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेतला, आणि त्यांत मुखियांचे मुलगेही होते. पुढे बंड झाले, आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रिअनोपलच्या लढाईत सम्राट वालेन्स मारला गेला. रोमच्या इतिहासातील हा एक मोठा पराभव होता. त्याची सुरुवात निर्वासितांच्या छावणीतील काळ्या बाजारातून झाली, हे रोमनच लिहून ठेवतो. आमिआनस गॉथांचा मित्र नव्हता. तरीही त्याच्या या नोंदीला जी धार आहे ती बेरिगच्या जहाजांना नाही.

आणि व्हिसिगॉथ म्हणून पुढे जे लोक प्रसिद्ध झाले ते प्रत्यक्षात याच भूमीवर, रोमन साम्राज्याच्या हद्दीतच घडले. ३९५ पासून अलारिकच्या झेंड्याखाली डॅन्यूब ओलांडून आलेल्यांचे वंशज होते. ४०८ मध्ये इटलीत बायकामुलांची कत्तल झाल्यामुळे पक्ष बदलून आलेले रोमन सैन्यातील परकीय शिपाई होते. रोम शहरातून पळालेले गुलाम होते. ऑगस्ट ४१० मध्ये ज्यांनी तीन दिवस रोम लुटले ते हे लोक. ४१८ मध्ये त्यांना आक्विटेनमध्ये वसवण्यात आले, तुलूझ ही त्यांची राजधानी झाली. ५०७ मध्ये फ्रँकांकडून हरल्यावर ते स्पेनकडे सरकले, आणि ७११ मध्ये ते राज्य कोसळले. स्थलांतराआधी एक अखंड जमात होती आणि ती नकाशावरून सरकत गेली, हे चित्र येथे टिकत नाही. जमात वाटेवर घडत गेली. ४५१ मध्ये गॉलमधील प्रसिद्ध लढाईत रोमनांच्या बाजूने गॉथ लढत होते आणि अटिलाच्या बाजूनेही गॉथच लढत होते, एवढे सांगितले तरी पुरे.

या सर्वांत आम्हाला सर्वाधिक जवळचा वाटतो तो वुल्फिला. त्याचे आजोळ-पणजोळ गॉथ नव्हते. तिसऱ्या शतकातील एका धाडीत गॉथांनी आशिया मायनरमधील कपाडोशियातून जे कैदी पकडून नेले, त्यांच्या वंशातला तो. ‘लांडग्याचे पिल्लू’ अशा अर्थाचे, आपल्या ‘वृक’ शब्दाशी नाते सांगणारे, अस्सल गॉथिक नाव त्याला मिळाले. तो बिशप झाला, छळ सुरू झाल्यावर अनुयायांना घेऊन चौथ्या शतकाच्या मध्याला डॅन्यूबच्या दक्षिणेस आला, मुख्यतः ग्रीक अक्षरांच्या आधारे त्याने गॉथिकसाठी लिपी तयार केली आणि बायबलचे भाषांतर केले. ‘राजांचे ग्रंथ’ मात्र त्याने वगळले, असे एक जुना लेखक सांगतो. कारण त्यांत लढायाच लढाया आहेत आणि या लोकांना त्या बाबतीत उत्तेजनाची गरज नव्हती! आपण फळ्यावर जो चौथा रकाना लिहितो, त्यातील बहुतेक शब्द या भाषांतरातून आलेले आहेत. म्हणजे ‘शुद्ध’ जर्मानिक भाषेचा सर्वांत जुना विस्तृत नमुना आपल्याला मिळाला तो पळवून आणलेल्या परकीयांच्या वंशजाकडून, आणि तोही भाषांतराच्या रूपाने.

त्या भाषांतराची सर्वांत देखणी प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या व सोन्याच्या शाईने लिहिलेली आहे. ती बहुधा सहाव्या शतकाच्या आरंभी इटलीत, थिओडोरिकच्या राज्यात तयार झाली. मूळच्या ३३६ पानांपैकी आज १८८ उरली आहेत. ही प्रत जर्मनीतील वेर्डन मठात सापडली, तेथून प्रागला गेली, १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने लूट म्हणून नेली, मग नेदरलँड्सला पोचली, पुन्हा विकत घेतली गेली आणि १६६९ मध्ये उप्साला विद्यापीठाला मिळाली. तिचे एक सुटे पान १९७० मध्ये जर्मनीतील श्पायर येथे सापडले. गॉथांच्या स्थलांतरांइतकेच या पोथीचे स्थलांतर गुंतागुंतीचे आहे.

उगमकथा पुढे कोणाकोणाच्या कामी आली? १४३४ मध्ये बाझेलच्या धर्मपरिषदेत स्वीडनच्या बिशपने आपल्याला मानाचे आसन मिळावे अशी मागणी केली. कारण काय, तर जगाला जिंकणारे गॉथ आमच्याच भूमीतून निघाले. त्यावर स्पॅनिश प्रतिनिधींचे उत्तर असे, की जे निघाले ते शूर आणि ते आमच्याकडे आले. घरी बसले ते तुमचे पूर्वज. हा प्रसंग हसून सोडून देता येतो. पुढचा येत नाही. १९३९ मध्ये पोलंड जिंकल्यावर नाझींनी ग्दिनिया या बंदराचे नाव गोटेनहाफेन, म्हणजे ‘गॉथांचे बंदर’, असे ठेवले आणि तेथील पोलिश रहिवाशांना मोठ्या संख्येने हुसकावून लावले. क्रिमियाला ‘गोटेनगाऊ’ आणि सेवास्तोपोलला थिओडोरिकचे नाव देण्याचे बेतही झाले होते. दीड हजार वर्षांपूर्वी गॉथ येथे होते, म्हणून ही भूमी आमची. योर्डानेसच्या तीन जहाजांतून शेवटी हा माल उतरला. संहिता चुकीची वाचली की वर्गात गुण कमी होतात. वर्गाबाहेर माणसे घरातून बाहेर काढली जातात.

त्याच क्रिमियाशी निगडित असलेली एक नोंद आम्हाला या सगळ्यावरचे भाष्य वाटते. तेथे गॉथांचा एक समूह मागे राहिला होता. मांगुपचा डोंगरी किल्ला १४७५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी जिंकला तरी ती भाषा काही काळ टिकून होती. सोळाव्या शतकाच्या मध्याला बुस्बेक नावाचा फ्लेमिश राजदूत कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. त्याने क्रिमियातून आलेल्या दोन माणसांना जेवायला बोलावून त्या भाषेचे काही शब्द टिपून घेतले. त्यांतला एक उंचापुरा, चेहऱ्यामोहऱ्याने आपल्याच देशातला वाटावा असा. पण ग्रीकांच्या सहवासात तो आपल्या लोकांची भाषा विसरून गेला होता. दुसरा बुटका, सावळा, जन्माने आणि भाषेने ग्रीक. त्याला मात्र नित्याच्या व्यवहारामुळे गॉथांची भाषा चांगली येत होती. क्रिमियन गॉथिकचे जे थोडे शब्द आज जगाला ठाऊक आहेत, त्यांतले जवळपास सगळे बुस्बेकच्या याच यादीतले, या दुसऱ्या माणसाच्या तोंडचे. यांतला गॉथ कोणता?

वंशाच्या बाजूने विचार करणारा पहिल्याकडे बोट दाखवील. आम्ही भाषेचे शिक्षक आहोत. आमचे बोट दुसऱ्याकडे जाते. पण खरे उत्तर असे, की हा प्रश्न एका बोटाने सुटणारा नाही, आणि तो तसा सोडवू पाहणाऱ्या प्रत्येक उगमकथेकडे आपण संशयाने पाहिले पाहिजे. संशयाने म्हणजे तुच्छतेने नव्हे. कथा कोणी सांगितली, कोणासाठी सांगितली, तिच्यात कोणाचे पूर्वज उसने घेतले आणि कोणाचे गाळले, असे विचारत विचारत वाचायचे. हे काम जनुकशास्त्र करून देणार नाही, पुरातत्त्वही करून देणार नाही. ते आपले काम आहे. पुढच्या वेळी फळ्यावर तो चौथा रकाना आखताना पाच मिनिटे अधिक घेऊन त्यामागचा कैद्याचा वंशज, हरवलेले बारा खंड आणि तो सावळा ग्रीक विद्यार्थ्यांना सांगितले, तर ध्वनिपरिवर्तनाचा नियम काही बिघडणार नाही. उलट भाषा माणसांच्या तोंडून प्रवास करते, त्यांच्या रक्तातून नव्हे, हे त्या नियमातच दडलेले सत्य कदाचित अधिक स्पष्ट होईल.